ताशी एकशे दहाचा मासा

आमच्या शेजारच्या साळवे आप्पांचा एका माशावर संशय होता.

बाजारातल्या माशावर म्हणाल तर तो दौंडात सगळ्यांनाच असतो. कल्ला उघडून लाल दिसल्याशिवाय इथं कोणी मासा पिशवीत टाकत नाही. आप्पांचा संशय होता तो भर समुद्रातल्या, त्यांनी जन्मात न पाहिलेल्या सेलफिश नावाच्या माशावर. माणसापेक्षा लांब अंग, तोंडाला भाल्यासारखी चोच आणि पाठीवर होडीच्या शिडासारखा उंच पर. जगातला सगळ्यात वेगवान मासा, ताशी एकशे दहा किलोमीटर, असं पुस्तकात छापलेलं असतं. मीही मुलांना तेच शिकवत आले. आप्पांचं म्हणणं, मासा खोटं बोलतोय.

"मासा कुठं बोलतोय आप्पा, पुस्तक बोलतंय," मी म्हटलं.

"मंग दोघं मिळालेले हायेत," आप्पा म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ह्या माशापायी आप्पांचा एकुलता एक मुलगा सात वर्षं घरी आला नव्हता, आणि आप्पांना तो परत यायला हवा होता. मला हे कळायला वर्ष गेलं. त्या वर्षभरात मी त्या माणसावर इतके संशय घेतले की आता आठवलं तरी ओशाळं वाटतं. तुम्ही तरी घेऊ नका.

आप्पा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात, म्हणजे ब्रेकव्हॅनमध्ये, एकट्यानं बसले. पुढं पन्नासेक मालडबे, त्यांच्या पुढं इंजिन, आणि इंजिनात ड्रायव्हर काय करतोय ते गार्डला दिसत नाही. म्हणजे नोकरीच संशयाची. गाडी थांबली तर का थांबली, आणि थांबायला पाहिजे तिथं न थांबता का चालली, एवढाच विचार करत त्यांचं तारुण्य गेलं. ते रिटायर झाल्यावर रेल्वेनं गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, त्याचाही त्यांना संशय आहे. "मी गेल्यावरच का केलं? आधी का न्हाई?"

गाडीचा वेग काढायची त्यांची पद्धत साधी. बाहेरचे खांब बघायचे, घड्याळ बघायचं, हिशेब करायचा. ड्रायव्हरनं वॉकीटॉकीवर काहीही सांगो, आप्पा खांब मोजल्याशिवाय वहीत आकडा लिहायचे नाहीत. ही सवय पुढं सगळ्या आयुष्यात पसरली. घरात भिंतीवर तीन घड्याळं. मी विचारलं, तीन कशाला? "दोन असली आन् फरक पडला तर खोटं कोण त्ये कळत न्हाई. तीन पायजेत." गॅसचा सिलिंडर आला की स्प्रिंगच्या काट्याला टांगतात, आणि सिलिंडरवाला तोवर सावलीत बसून घेतो, त्याला आता सवय झालीय. मोबाइलवर पावसाचा अंदाज येतो तो वहीत उतरवतात आणि दुसऱ्या दिवशी पुढं बरोबर किंवा चूक अशी खूण करतात. कोणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न. "कुणी मोजलं?"

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, निमोण्याचं. एकदा आप्पांना शिरूरला काम होतं म्हणून आमच्याच गाडीतून निघाले. न्हावऱ्याच्या पुढं त्यांनी माझ्या नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेच्या पाटीवर शिरूर जितके किलोमीटर लिहिलं होतं, तितकेच तीन किलोमीटर आधी लागलेल्या पाटीवरही होते. आप्पा खाली उतरले, पाटीपाशी उभे राहिले, तिला खालून वरून बघितलं आणि परत येऊन बसले. "हितनं शिरूर पुढं सरकतंय," म्हणाले. नवऱ्याला हसू आवरेना. मला मात्र त्या माणसाचं कौतुक वाटलं, कारण जन्मापासून मी त्या रस्त्यानं जातेय आणि मला कधी दिसलं नव्हतं.

आम्ही ह्या कॉलनीत राहायला आलो त्याला आता दोन वर्षं होतील. नवरा रांजणगावच्या कंपनीत, मी इथं ज्युनियर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते. सामान उतरवून होत नाही तोच आप्पा कुंपणाशी आले. काय शिकवता, म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी मागं वळून आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "माशाचं शिकवता का?"

इथून माझे संशय सुरू झाले. कारण आप्पा माशाबद्दल विचारायचे ते फक्त शेवंताकाकू घरात नसताना. काकू बचत गटाला गेल्या, दळण आणायला गेल्या, की हे कुंपणाशी हजर. काकू कोपऱ्यावर दिसल्या की लगेच, "व्हय, उकाडा लई हाय." एकदा तर भर थंडीत म्हणाले. अहो, ज्या माणसाला स्वतःच्या बायकोपासून मासा लपवावा लागतो, त्याच्या मनात काय असेल?

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "चेन मार्केटिंग असणार. आमच्या कंपनीत एकजण असाच लागला होता. आधी तब्येतीचं विचारायचा, मग पावडरचे डबे काढले." मला वाटलं, आप्पांना कोणीतरी शेततळ्यात मत्स्यपालनाची टोपी घालतोय. मी त्यांना बजावलं, "आप्पा, सेलफिश शेततळ्यात जगत नाही हं. त्याला उघडा समुद्र लागतो, कोमट पाणी लागतं, शेकडो मैल फिरायला लागतात."

"कुणी सांगितलं तळ्यात सोडतोय?"

"मग कशाला विचारता?"

"असंच," आप्पा म्हणाले. आप्पा असंच काही करत नाहीत हे एव्हाना मला कळून चुकलं होतं.

पण शिकवणाऱ्या माणसाची एक खोड असते. समोरचा ऐकतोय म्हटलं की तोंड बंद राहत नाही. वर्षभरात मी आप्पांना तो मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत शिकवला आणि त्यांनी त्याच्या प्रत्येक अवयवावर संशय घेतला.

शिडाचं सांगितलं तेव्हा तर त्यांनी मला पकडलंच. "मॅडमबाई, मालडब्यावरची ताडपत्री एका बाजूनं सुटली तर आख्खी गाडी जड चालती. आन् ह्यो पाठीवर एवढी ताडपत्री उभी करून एकशे दहानं जाणार?"

"जोरात पोहताना तो शीड मिटून घेतो, आप्पा. पाठीत खाच असते, तिच्यात बसतं ते. शिकारीच्या वेळी उभारतो, अंग डुलू नये म्हणून."

दोन दिवस कुंपणाशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तर कुंपणापलीकडून आवाज. "आन् ताडपत्री खाचंत अडकून बसली तर?"

शिकारीचं सांगितलं तेव्हा मात्र रंगले. सेलफिश तारलीसारख्या लहान माशांची झुंड घेरतात, आणि सगळे एकदम तुटून पडत नाहीत. एक जण पुढं होतो, चोचीनं सपकारा मारतो, दोन-चार तारल्या जखमी होतात, तो बाजूला होतो, मग दुसरा. बहुतेक वेळा मासा मरतही नाही, नुसते खवले निघतात. सगळ्यांनी मिळून थकवायचं आणि मग खायचं. त्यातला एखादा नेहमी डावीकडून सपकारा मारणारा असतो, एखादा उजवीकडून. एकटाच असता तर तारल्यांनी त्याची बाजू ओळखली असती. पण घोळक्यात डावे-उजवे मिसळले की कुठून येईल ते कळत नाही.

"पाळीपाळीनं?" आप्पांनी डोळे बारीक केले. "आन् डबल पाळी कुणी मारत न्हाई? वशिल्याचा एकबी न्हाई?"

"तसं अजून कुणाला दिसलं नाही."

"बघणारा त्यांच्यातलाच असंल," आप्पा म्हणाले.

एकदा मी पिल्लांचं सांगितलं. मादी लाखोंनी अंडी सोडते आणि पुढं निघून जाते. अंडी पाण्यावर तरंगतात, वाचली ती वाचली. वाचलेलं पिल्लू नखाएवढं असतं आणि वर्षभरात चार-पाच फुटांचं होतं.

"वर्षात बापाच्या खांद्याला," आप्पा म्हणाले.

"जवळजवळ."

"आन् बापाला कळतं का, ह्यातलं आपलं कंचं?"

"नाही कळत."

"मंग बरं हाय त्याचं." चहा अर्धा तसाच कुंपणावर ठेवून आप्पा निघून गेले. मी मनात म्हटलं, आता हे काय नवीन.

शेवटी माझ्या हाताला पुरावा लागला. आप्पांची स्कूटर बंद पडली होती, म्हणून मी त्यांना सीट उघडायला मदत करत होते. आत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण होतं. आप्पा पाना शोधत होते तेवढ्यात मी बघून घेतलं. फोटोत एक तरुण मुलगा माइक धरून उभा, मागं पडद्यावर सेलफिश. मुलाचं नाक थेट आप्पांचं. मी पिशवी होती तशी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दळणाच्या रांगेत काकूंना गाठलं.

 काकूंनी पिठाच्या डब्याकडं बघत सगळं सांगितलं. "आमचा मिलिंद त्यो. कोकणात ऱ्हाऊन माशाचं शिकला. आमच्यात पहिलाच. जयंतीला विहारात सत्कार ठेवला व्हता, आन् त्याला बोलाया लावलं. लई ग्वाड बोलला बघा. मासा ताशी एकशे दहानं पळतो म्हणला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन् आमचं ध्यान उठून हुबं ऱ्हायलं. कुणी मोजलं, म्हणं. पोरगं म्हणलं, पुस्तकात हाय. तर म्हणं, पुस्तक ब्रेकव्हॅनमदी बसलं व्हतं का?"

"मग?"

"मंग काय. आख्खा विहार हसला. पोरगं माइक ठिवून खाली उतरलं, सकाळच्या गाडीनं गेलं. कोचीला असतं आता, समुद्रावर. माझ्याशी रोज बोलतं. ह्ये घरात असलं की मी फोन भाईर घिऊन जाती."

"आप्पांनी कधी फोन नाही केला?"

"नंबर पाठ हाय त्यांना. केला न्हाई."

मला सांगायला हवं की त्या वेळी मला आप्पांची दया नाही आली. रागच आला. पोराला चारचौघांत खाली बघायला लावलं ते लावलं, आणि वर सात वर्षं म्हातारा त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करतोय. त्यासाठी माझ्याकडून शिकून घेतोय. माझाच चहा पिऊन.

त्याच आठवड्यात आप्पा आले, पहिल्यांदाच दारातून, कुंपणावरून नाही. काकू घरातच होत्या तरी आले. "मॅडमबाई, आता एकच सांगा. एकशे दहा खरं का खोटं? आन् सोता मोजलेल्याचं सांगा, छापलेल्याचं नगं."

सांगते म्हटलं. मी ठरवूनच बसले की म्हाताऱ्याला खोटं पाडायचं. कॉलेजातून आल्यावर चार दिवस इंटरनेटवर शोधत होते.  तो मोठा आकडा फार जुना. कोणीतरी गळाला लागलेल्या माशानं किती वेळात किती दोरी ओढली ते बघून काढलेला, आणि पुढं पुस्तकं एकमेकांचं बघून छापत गेलेली. अलीकडं लोकांनी माशाच्या अंगावर यंत्रं बसवून, पाण्यात कॅमेरे धरून मोजलं, तर शिकारीतला सगळ्यात मोठा झपाटासुद्धा ताशी तीस-पस्तीसच्या आसपास निघाला. इतकी वर्षं मुलांना एकशे दहा लिहायला लावून मी मार्क देत आले होते.

सांगायला गेले तेव्हा आप्पा अंगणात खुर्चीत बसले होते. मनात म्हटलं, आता म्हातारा उड्या मारील, गल्लीत पेढे वाटील.

"तुमचं बरोबर होतं आप्पा. तीस-पस्तीस."

"म्हंजी माझी मालगाडी," ते म्हणाले. पण तोंडावर हसू नव्हतं. "नीट बघितलं का?"

"चार दिवस बघितलं."

"दुसऱ्या कुणी मोजलं असंल. जास्त आलं असंल."

"नाही आलं."

"यंत्र बिघडलं असंल, मॅडमबाई. यंत्राचा काय भरवसा?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. हा माणूस गयावया करत होता. 

"आप्पा, तुम्हाला काय हवं होतं?"

"एकशे दहा निघाया पायजे व्हतं," आप्पा म्हणाले. "सात वर्सं बघतोय, कुठंतरी निघंल. माझी चूक निघाली असती तर मला फोन करता आला असता. तुझं बरोबर, माझं चुकलं, असं म्हणलो असतो. माफी मागाया बापाला फोन करता येतो. माझंच बरोबर निघालं, ह्ये सांगाया कसा करू? अजून एकदा हासू का त्याला?"

 वर्षभर मी ह्या माणसाच्या मनात काय काय घातलं होतं, पावडरचे डबे, शेततळी, पुरावे, आणि तो बिचारा स्वतःची चूक शोधत फिरत होता. मला त्यांच्यापुढं उभं राहवेना. मी खाली पायरीवर बसले आणि म्हटलं, "असाच करा ना फोन. कसा आहेस, एवढंच विचारा."

"सात वर्सांनी कसा हायस?" आप्पा म्हणाले. "त्याला संशय यील."

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आप्पा आणि काकू फोन करायचं ठरवूनच आमच्या ओट्यावर आले. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरातून नको, म्हणाले, घरातून बोलणं जमायचं नाही. मोबाइल मध्ये स्टुलावर ठेवला, आवाज मोठा करायला लावला आणि नंबर स्वतः दाबला. काकू पदराचं टोक मुठीत धरून माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

"हॅलो, कोण?"

"मी. दौंडहून."

 "आई बरी आहे ना?"

"बरी हाय. हितंच हाय. तुझ्या त्या माशाचं बोलाया केला."

"काय?"

"मी समदं बघितलं. हितल्या मॅडमबाईंनाबी विचारलं. एकशे दहाच हाय. तुझं बरोबर व्हतं, माझं चुकलं."

मी काकूंकडं बघितलं. ह्या माणसानं उभ्या आयुष्यात कुठल्या वहीत खोटा आकडा लिहिला नव्हता. आता भर उन्हात ओट्यावर बसून पंचाहत्तरचा फरक सरळ खाऊन टाकला आणि डोळ्याची पापणी हलवली नाही.

"आप्पा," पलीकडून आवाज आला, "तुम्ही खोटं बोलताय."

"न्हाई."

"तीस-पस्तीस आहे ते. मीच नाही, आता सगळेच मानतात. मला तीन वर्षं झाली कळून."

"तीन वर्सं?" आप्पा पुढं वाकले. "मंग फोन का न्हाई केलास?"

 मिलिंद म्हणाला, "तुमचं बरोबर निघालं म्हणून."

 "मेल्यांनो," एवढंच काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि आप्पा त्या मोबाइलकडं असे बघत होते की जणू त्यात काहीतरी हललं.

"बोटीवर जातोस का अजून?" त्यांनी विचारलं.

"जातो की. मागच्या महिन्यात होतो. आप्पा, तुम्हाला एक सांगू? तो शिकारीवर आला ना, की त्याचा रंग बदलतो. एकदम. काळपट असतो तो लखलखीत निळा होतो, अंगावर पट्टे उमटतात, आणि क्षणात परत पहिल्यासारखा."

आता 'कुणी मोजलं?' येणार म्हणून मी वाट बघत होते. काकूंनीही मान वर केली.

"तू बघितलंस?" आप्पांनी विचारलं.

"बघितलं. एका हाताच्या अंतरावरून."

"मंग असंल," आप्पा म्हणाले.

मिलिंद पुढं सांगत राहिला, बोटीचं, पाण्याचं, पहाटे किती वाजता निघतात त्याचं. आप्पांनी मध्ये काही विचारलं नाही. स्टूल जरा जवळ ओढून घेतलं आणि नुसतं व्हय, व्हय म्हणत ऐकत बसले.